दातांचं इम्प्लांट कोणाला चालतं, कोणी थांबायचं? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कुटुंबांसाठी माहिती

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत दातांच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर आता ‘इम्प्लांट’ हा शब्द हमखास दिसतो. आखातात नोकरीला असलेला मुलगा सुट्टीवर येतो आणि म्हणतो, “अब्बा, कवळी सोडा, फिक्स दात बसवून घेऊ.” पैशांची तयारी असते, हौसही असते. पण अब्बांना दहा वर्षांची शुगर आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि तंबाखू सुटलेली नाही, हे दवाखान्यात कोणी सांगतच नाही. मग काही महिन्यांत इम्प्लांट हलायला लागतं. पैसे जातात आणि जबड्याचं हाडही झिजतं.

म्हणून इम्प्लांटचं कोटेशन घेण्याआधी आपली तब्येत त्यासाठी तयार आहे का, हे बघायला हवं.

इम्प्लांट म्हणजे नेमकं काय?

जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियम धातूचा छोटा स्क्रू म्हणजे इम्प्लांट. तो साधारण 4 मिलिमीटर जाड आणि 10 मिलिमीटरच्या आसपास लांब असतो. त्यावर नंतर दाताची कॅप बसते. टायटॅनियम आणि हाड एकजीव होतात, हे स्वीडनचे डॉ. पेर-इंगवार ब्रोनमार्क यांनी 1950 च्या दशकात सशांवर काम करताना पाहिलं. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले.

स्क्रू डॉक्टर बसवतात, पण तो धरून ठेवायचं काम आपल्या हाडाचं असतं. खालच्या जबड्यात त्याला साधारण 3 महिने लागतात, वरच्या जबड्यात 4 ते 6. या काळात जखम नीट भरली पाहिजे. निरोगी माणसात दहा वर्षांनंतरही शंभरातली नव्वदहून जास्त इम्प्लांट टिकलेली असतात. तब्येतीकडे दुर्लक्ष झालं, की हा हिशोब बिघडतो.

वयाची अडचण आहे का?

जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण 18 वर्षांपर्यंत, इम्प्लांट करत नाहीत. वरच्या वयाला मर्यादा नाही. शुगर ताब्यात असलेल्या सत्तर वर्षांच्या दादीला इम्प्लांट व्यवस्थित बसू शकतं आणि गुटखा खाणाऱ्या चाळिशीच्या माणसाचं फेल जाऊ शकतं.

शुगर असेल तर

शुगर आहे म्हणून इम्प्लांट होतच नाही, असं नाही. शुगर किती ताब्यात आहे, ते महत्त्वाचं. त्यासाठी एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी करा. ती मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. आकडा 7 च्या आत असेल तर सहसा हरकत नसते. 7 ते 8 मध्ये असेल तर तुमचे फिजिशियन आणि दाताचे डॉक्टर मिळून ठरवतात. 8 च्या वर असेल तर बहुतेक डॉक्टर आधी शुगर खाली आणायला सांगतात. दोन दिवस गोड बंद करून सकाळची शुगर चांगली दाखवता येते, एचबीएवनसीला फसवता येत नाही.

हार्ट, बीपी आणि रक्त पातळ करायची गोळी

- हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर साधारण 6 महिने थांबतात. स्टेंट टाकला असेल तर किती थांबायचं, ते हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.
- ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. दातातून येणारं रक्त थांबवता येतं, पण गोळी तोडल्यामुळे स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जीवावर बेतू शकतं. वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर तपासून मगच काम होतं.
- बीपी 180/110 किंवा त्याहून जास्त असेल तर त्या दिवशी काम पुढे ढकलतात.
- हृदयाची कृत्रिम झडप असेल तर ते आधी सांगा. कामाआधी अँटिबायोटिकचा डोस लागतो.

तंबाखू, गुटखा, मिश्री, सुपारी

आपल्या भागात सगळ्यात जास्त अडचण याचीच आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी कारखान्यात आणि रिक्षा स्टँडवर पुडी मिळतेच. घरातल्या बायका मिश्री लावतात, पण डॉक्टरांनी “तंबाखू खाता का?” विचारलं की “नाही” म्हणतात. मिश्री ही तंबाखूच आहे.

सिगारेट-बिडी पिणाऱ्यांमध्ये इम्प्लांट फेल जायचं प्रमाण न पिणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असतं. गुटखा आणि सुपारीने तोंड आतून कडक होतं आणि उघडायचं कमी होतं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, ते घरीच बघा. जात नसतील तर इम्प्लांटचा विषय बाजूला ठेवा आणि आधी तोंड तपासून घ्या. ही कॅन्सरच्या आधीची अवस्था असू शकते.

हाडं ठिसूळ झाल्याची औषधं आणि कॅन्सरचे उपचार

ही गोष्ट सांगायची सगळ्यात जास्त राहून जाते. अम्मी आठवड्यातून एकदा हाडांची गोळी घेतात किंवा वर्षातून एकदा सलाईनमधून इंजेक्शन घेतात. रोजचं औषध नाही म्हणून कोणाच्या लक्षातच राहत नाही. अलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड, डेनोसुमॅब ही नावं फाइलमध्ये शोधा. या औषधांमुळे क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून सडू शकतं. ठिसूळ हाडांसाठी घेतलेल्या डोसला धोका कमी असतो आणि सल्ल्याने काम होऊ शकतं. कॅन्सरसाठी मोठा डोस चालू असेल तर इम्प्लांट टाळतात. ही औषधंही परस्पर बंद करू नका.

तोंडाला किंवा गळ्याला रेडिएशन घेतलं असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय हाडाला हात लावू देऊ नका, मग त्याला कितीही वर्षं झालेली असोत.

आणखी कोणी थांबायचं?

- गरोदर महिलांनी बाळंतपणापर्यंत.
- हिरड्यांतून पू किंवा रक्त येणाऱ्यांनी आधी हिरड्यांचा इलाज करावा.
- डायलिसिसवाल्यांनी किडनीच्या डॉक्टरांना विचारून, डायलिसिस नसलेल्या दिवशी.
- केमोथेरपी चालू असलेल्यांनी.

रोजे, हज आणि हाडाची पावडर

कामानंतर काही दिवस वेळेवर गोळ्या आणि मऊ, थंड खाणं लागतं. टाके साधारण 7 ते 10 दिवसांनी निघतात. त्यामुळे रमजानच्या तोंडावर किंवा हज-उमऱ्याला निघण्याच्या आठवड्यात हे काम काढू नका. शुगरवाल्यांनी तर ईदनंतरचीच तारीख धरलेली बरी.

हाड कमी असेल तर डॉक्टर हाडाची पावडर किंवा पातळ पडदा वापरतात. तो गाईपासून, डुकरापासून, मानवी हाडापासून किंवा पूर्ण कृत्रिमही असतो. “हे कशापासून बनलंय?” असं आधीच विचारा आणि डब्यावरचं नाव लिहून घ्या. कृत्रिम पर्याय मिळतात. शंका असेल तर जाणकार आलिमांना विचारा, पण कामाच्या आधी.

दवाखान्यात जाताना काय न्यायचं?

सगळ्या चालू औषधांची पाकिटं, जुनी फाइल, एचबीएवनसी आणि रक्ताचे रिपोर्ट. हाड किती आहे, ते सीबीसीटी स्कॅनमध्ये कळतं. तुमच्या फिजिशियनचं फिटनेसचं पत्र घ्या. डॉक्टरांची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका.

दुसरा सल्ला हवा असेल तर मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. बदलापूर-अंबरनाथहून थेट लोकल जाते. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, त्यासाठी दादरला गाडी बदला.

‘आत्ता नाही’ म्हटलं तर

बहुतेकांना मिळणारं उत्तर “नाही” नसतं, “आत्ता नाही” असतं. शुगर खाली आणा, तंबाखू सोडा, हिरड्या दुरुस्त करा आणि काही महिन्यांनी परत तपासून घ्या. ज्यांना खरंच चालत नाही, त्यांच्यासाठी ब्रिज आणि चांगली बसवलेली कवळी आहेच. खालचे सगळे दात गेलेल्यांना दोनच इम्प्लांटवर बटणासारखी बसणारी कवळीही करता येते. तिला खर्च कमी लागतो आणि ती तोंडात हलत नाही.

घरच्यांनी एक करावं. अब्बा-अम्मींबरोबर स्वतः दवाखान्यात जावं आणि ते जे सांगायचं विसरतात किंवा टाळतात, ते डॉक्टरांना सांगावं.