अवधान, अनवधान आणि आवाजातील भाव : एका प्रश्नाचा इतिहास

ज्या आवाजाकडे आपले लक्ष नाही, त्या आवाजातील राग किंवा भय आपल्या मेंदूपर्यंत पोहोचते काय? या प्रश्नाला आज परस्परविरोधी अशी दोन उत्तरे उद्धृत केली जातात आणि विद्यार्थी बहुधा त्यांपैकी एक पत्करून मोकळा होतो. आमच्या मते हा विरोध बराचसा आभासात्मक आहे. 'अनवधान' हा शब्द निरनिराळ्या संशोधकांनी निरनिराळ्या अर्थांनी योजला, हे त्याचे मूळ होय. ते स्पष्ट होण्यासाठी थोडे मागे जाणे अवश्य आहे.

प्रथम संज्ञेविषयी. शोक, भय इत्यादींमुळे ध्वनीत होणारा विकार म्हणजे 'काकु', असा अर्थ अमरकोशात दिलेला आहे. आधुनिक मानसशास्त्राला जे म्हणावयाचे आहे, ते या एका शब्दात नेमके येते. म्हणून पुढे तोच वापरला आहे. (नात्यातल्या काकूशी घोटाळा होऊ नये, एवढ्यासाठी तो ऱ्हस्वान्त ठेवला आहे.)

१९५३ साली कॉलिन चेरी यांनी आपले सुप्रसिद्ध प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोगातील व्यक्तीच्या दोन कानांत एकाच वेळी दोन भिन्न मजकूर ऐकविले जात आणि त्यांपैकी एका कानातील मजकूर तिने ऐकता ऐकता मोठ्याने उच्चारीत राहावयाचा असे. मागाहून विचारले असता दुसऱ्या कानातील शब्द तिला सांगता येत नसत. इंग्रजी थांबून जर्मन सुरू झाली तरी तिला पत्ता नसे. मात्र पुरुषाच्या आवाजाऐवजी स्त्रीचा आवाज आला, की तो पालट बहुतेकांच्या ध्यानात येई. म्हणजे बोलणे अडत होते, पण आवाज आत येत होता. या निष्कर्षाच्या आधारे डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी १९५८ मध्ये आपला गाळणीचा सिद्धान्त मांडला : आवाजाचे भौतिक गुण गाळणीच्या अलीकडे ओळखले जातात, अर्थ पलीकडे.

आता काकु कोणत्या बाजूस घालावयाची? स्वराची उंची, तीव्रता, गती हे तिचे भौतिक गुण खरेच. पण या गुणांवरून 'हा मनुष्य संतापला आहे' असे जे उमजते, तो अर्थच नव्हे काय? चेरी यांच्या प्रयोगात भावाचा प्रश्न नव्हता आणि ब्रॉडबेंट यांच्या द्विभाजनात त्याला निश्चित जागाही नव्हती. पुढील अर्धशतकाचा बराच गोंधळ या एका उणिवेतून उद्भवला, असे आम्हांस वाटते.

गाळणी अभेद्य नाही, हे लवकरच दिसून आले. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांना असे आढळले, की दुर्लक्षित कानात स्वतःचे नाव आले तर सुमारे एक-तृतीयांश प्रसंगी ते ऐकले जाते. ॲन ट्राइझमन यांनी यावरून दुर्लक्षित मजकूर अडविला जात नाही, केवळ क्षीण होतो, असा सुधारित पक्ष मांडला.

तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रयोग १९७२ चा, कॉर्टीन व वुड यांचा होय. काही शहरांची नावे आधी विजेच्या सौम्य धक्क्यांसह ऐकविण्यात आली. नंतर तीच नावे दुर्लक्षित कानात आली, तेव्हा त्वचेच्या विद्युत्‌-वाहकतेत फरक पडला. नावांचा मात्र ऐकणाऱ्यास पत्ता नव्हता. भय अवधानाविना काम करते, याचा हा पुरावा मानला गेला. परंतु १९७६ मध्ये वॉर्डलॉ व क्रोल यांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा हा परिणाम मिळाला नाही. शंका उघड होती : ऐकणाऱ्याचे लक्ष क्षणभर दुसऱ्या कानाकडे सरकले नसेल कशावरून? सूचना दिली म्हणजे अवधान पाळले गेले, असे गृहीत धरणे ही या परंपरेची जुनी खोड आहे.

दरम्यान रुग्णांच्या अभ्यासातून काकुचे मेंदूतील स्थान शोधले जात होते. उजव्या गोलार्धाला इजा झालेल्या रुग्णांना शब्द कळतात पण त्यांतील भाव कळत नाही, हे हाइलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखविले. पुढे २००० साली बेलिन प्रभृतींनी कानशिलाकडील खंडाच्या वरच्या खाचेत मानवी आवाजाला विशेष प्रतिसाद देणारे भाग असल्याचे दाखवून दिले.

या दोन धारा २००५ साली जिनिव्हा येथे एकत्र आल्या. ग्रांजाँ, सँडर व त्यांचे सहकारी यांनी चेरी यांचीच मांडणी चुंबकीय अनुस्पंदन यंत्रात नेली. दोन्ही कानांत निरर्थक उच्चार, काही रागाच्या स्वरात, काही सपाट. आणि काम एवढेच, की नेमून दिलेल्या कानातील आवाज पुरुषाचा की स्त्रीचा ते सांगावे. उच्चार निरर्थक असल्याने शब्दार्थाचा हस्तक्षेप टळला, ही या रचनेची खरी खुबी. रागाचा स्वर दुर्लक्षित कानात असतानाही उपरोक्त खाचेतील प्रतिसाद वाढलेला आढळला. उजव्या अमिग्डालातही तो अवधाननिरपेक्ष दिसला. उलट डोळ्यांच्या खोबणीवरील ललाटखंडाचा भाग तोच राग लक्ष दिले असताना अधिक उद्दीपित होई.

सहा वर्षांनी, २०११ मध्ये, मोथेस-लाश प्रभृती जर्मन संशोधकांनी निराळी रचना केली. आवाज चालूच ठेवून, त्यांनी लक्ष डोळ्यांसमोरील साध्या आकृतीकडे वळविले. आता अमिग्डालाचा रागाला मिळणारा प्रतिसाद नाहीसा झाला. आवाजाविषयीचे काम दिले, की तो पुन्हा दिसे.

येथेच ती 'दोन उत्तरे' तयार होतात. पण जिनिव्हातील श्रोता एका आवाजाकडून वळला होता तो दुसऱ्या आवाजाकडे. कान बंद झाला नव्हता, आणि स्त्री-पुरुष ओळखण्यासाठी तर स्वरच तपासावा लागतो. जर्मन प्रयोगातील श्रोता श्रवणाकडूनच वळला होता. पहिल्याचे अनवधान दिशेचे, दुसऱ्याचे इंद्रियाचे. पहिल्या प्रयोगावरून 'अमिग्डालाला अवधान लागत नाही' असे म्हणणे अतिव्याप्त. दुसऱ्यावरून 'काकु अवधानाविना कळतच नाही' असे म्हणणेही तसेच.

१९७६ ची शंका मात्र दोन्ही प्रयोगांत शिल्लक राहते. लक्षाचे सरकणे क्षणार्धाचे असते आणि चुंबकीय अनुस्पंदनाने दिसणारा रक्तप्रवाहातील फरक काही सेकंदांचा. त्यामुळे प्रतिसाद आधी की लक्ष आधी, हे या चित्रांवरून ठरत नाही. त्यासाठी मेंदूच्या विद्युत्‌-तरंगांचे मिलिसेकंदांत मापन करणाऱ्या पद्धतीकडेच, म्हणजे रिस्टो नाटानेन यांनी १९७८ मध्ये वर्णिलेल्या विसंगती-तरंगाकडे, वळावे लागते.