टूडू डॉट टेक्स्टचं घराणं

टर्मिनल उघडायचं, दोन अक्षरांची आज्ञा द्यायची आणि कामांची यादी समोर यायची. या सोयीचा उगम शोधू गेलं, तर प्रोग्रामच्या आधी एक फाइल भेटते. ब्रिटिश पत्रकार डॅनी ओब्रायन यांनी भरपूर काम उपसणाऱ्या नामांकित प्रोग्रामरना विचारलं होतं, की एवढं सगळं तुम्ही लक्षात कसं ठेवता? फेब्रुवारी २००४ मध्ये सॅन दिएगोच्या एका तंत्रज्ञान परिषदेत त्यांनी उत्तर मांडलं. हवं ते सॉफ्टवेअर स्वतः लिहू शकणाऱ्या या मंडळींपैकी बरेच जण सारं काही एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टिपून ठेवत होते.

पुढच्याच वर्षी ‘लाइफहॅकर’ हे संकेतस्थळ निघालं. त्याच्या संस्थापक संपादक जीना ट्रापानी यांनी २००६ मध्ये अशा फाइलसाठी एक छोटी बॅश स्क्रिप्ट, म्हणजे टर्मिनलच्या आज्ञांचा छोटासा प्रोग्राम, लिहिली. काम घाल, यादी दाखव, झालं म्हणून खूण कर, एवढंच ती करायची. फाइलचं नाव टूडू डॉट टेक्स्ट.

खरी करामत फाइलच्या मांडणीत आहे. एका ओळीत एक काम. ओळीचा क्रमांक तोच कामाचा क्रमांक. तातडीच्या कामाआधी कंसात ‘ए’, त्याखालच्याला ‘बी’. ही खूण ओळीच्या अगदी सुरुवातीला असल्यामुळे फाइल नुसती वर्णानुक्रमे लावली, तरी निकडीची कामं आपोआप वर येतात. प्रकल्पाच्या नावाआधी अधिकचं चिन्ह. काम कुठे किंवा कशाने करायचं (घरी, फोनवर) त्याआधी ईमेलमधलं ‘ॲट’. कामांची अशी विभागणी डेव्हिड ॲलन यांच्या २००१ च्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ या पुस्तकातली. काम संपलं की ओळीआधी ‘एक्स’ आणि तारीख.

एका ओळीत एक काम असलेला असा साधा मजकूर ओळीओळीने मजकूर हाताळणाऱ्या जुन्या आज्ञांना सहज पेलतो. म्हणून मला या घराण्याचे मूळपुरुष १९७० च्या दशकातल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत दिसतात. तिथे युनिक्स या संगणक प्रणालीच्या जडणघडणीत केन थॉम्पसन यांनी ‘ग्रेप’ ही मजकुरातून हव्या त्या ओळी वेचणारी आज्ञा लिहिली. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे एका आज्ञेतून निघालेला मजकूर थेट दुसरीच्या हाती देणारा ‘पाइप’ आला. फक्त फोनवरची कामं हवीत? ग्रेपला ते आधीपासूनच येतं. ट्रापानींना नवं फार थोडंच लिहावं लागलं, आणि ते थोडंच राहू देण्याचा त्यांचा विवेक मला फार मोलाचा वाटतो.

वंश अर्थातच वाढला. ट्रापानींची स्क्रिप्ट वापरता वापरता पॉल बेकिंगहॅम यांना आणखी काही हवंसं वाटलं, त्यातून ‘टास्कवॉरियर’ जन्मलं: मुदती, पुन्हा पुन्हा येणारी कामं, एकमेकांवर अवलंबून असलेली कामं, निकडीचा हिशेब. शेकडो कामं सांभाळणाऱ्याला त्याचा फार आधार आहे. पण २०२४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने साध्या मजकुराच्या फाइली सोडून डेटाबेस धरला. टूडू डॉट टेक्स्ट मात्र आजही कुठल्याही एडिटरमध्ये उघडते; स्क्रिप्ट काढून टाकली, तरी यादीतली एकही ओळ हरवत नाही.