मुंबईतील डबेवाहतूक आणि रस्त्यावरील जागेचा प्रश्न

इ.स. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या मुंबईच्या डबेवाहतुकीची चर्चा बहुधा तिच्या अचूकतेपुरती होते. तिने रस्त्यावर किती जागा व्यापली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या व्यवस्थेत उपनगरातील डबा सायकलीने स्थानकावर येतो, लांबचा पल्ला लोकलच्या मालडब्यातून होतो आणि पुढे सायकल वा हातगाडी येते. चर्चगेटबाहेर डब्यांची वर्गवारी पदपथावरच होते. पादचाऱ्यांची अडचण होत नाही, असे नव्हे. परंतु ती ठरावीक वेळेपुरती असते, आणि एका फेरीत अनेक डबे जातात.

२०१४-१५ पासून विस्तारलेल्या स्विगी, झोमॅटो यांच्या घरपोच सेवेत एकदोन मागण्यांसाठी एक दुचाकी धावते. मागणीची वेळ अनिश्चित असल्याने दुचाक्या उपाहारगृहांपुढे ताटकळतात. याचा दोष केवळ चालकांना देणे प्रस्तुत लेखकास अन्यायकारक वाटते. प्रतीक्षेची जागा पुरविण्याची जबाबदारी कोणी स्वीकारलेलीच नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत प्रवासी लोकल थांबल्या, तशी डबेवाहतूकही थांबली. दुचाकीवरील घरपोच सेवा मात्र सुरू राहिली.