रोजानं की गुत्त्यानं? टाइम अँड मटेरियलचा इतिहास

आयटीत नवीन लागलेल्या पोरापोरींच्या कानावर पहिल्याच महिन्यात एक शब्द पडतो: 'बिलेबल'. तू बिलेबल आहेस की बेंचवर? हा प्रश्न ज्या पद्धतीतून आला तिचं नाव टाइम अँड मटेरियल, म्हणजे टी अँड एम. आजचा भाग तिच्यावर.

आमच्या रेणापूरकडं ही पद्धत समजायला दोन शब्द पुरतात. शेतातलं काम एकतर रोजानं द्यायचं, नाहीतर गुत्त्यानं. सोयाबीन काढायला माणसं रोजानं लावली तर दिवसाचे पैसे ठरलेले. रान किती उरकलं ही काळजी मालकाची. एकराचं गुत्तं दिलं तर दोन दिवस लागोत की चार, काळजी गुत्तं घेणाऱ्याची. टी अँड एम म्हणजे रोजानं, फिक्स्ड प्राइस म्हणजे गुत्त्यानं.

हिशोब सरळ असतो. करारात प्रत्येक पदाचा ताशी दर ठरतो. समजा चार जण, प्रत्येकी महिन्याला १६० तास, दर २५ डॉलर. बिल झालं १६,००० डॉलर. क्लाउड सर्व्हर, लायसन्स, प्रवास हे 'मटेरियल' वेगळं लागतं. आपण टाइमशीट भरायची, क्लायंटकडच्या मॅनेजरनं मंजूर करायची, मग इनव्हॉइस जातं. मधेच काम बदललं तर भांडण नाही, तास वाढतात. सावध क्लायंट मात्र वरची मर्यादा आधीच लिहून घेतो.

आपल्या कंपन्या रोजानं का गेल्या? कारण आपल्याकडं विकायला तासच होते. १९७० च्या दशकात संगणक आयात करायचा तर परवाना हवा, वर जबर जकात, आणि सॉफ्टवेअर निर्यातीची हमी. १९६८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या टीसीएसनं १९७४ मध्ये अमेरिकेच्या बरोज कंपनीचं काम घेतलं आणि पुढं आपले प्रोग्रामर तिकडंच पाठवायला सुरुवात झाली. यंत्र त्यांचं, जागा त्यांची, तास आपले. याला 'बॉडी शॉपिंग' म्हणायचे. शब्द ऐकायला वाईट आहे, पण खोटा नव्हता.

१९८१ मध्ये पुण्यात पटनी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेल्या सात जणांनी १०,००० रुपयांवर इन्फोसिस काढली. स्वतःचा संगणक नव्हता. पहिला क्लायंट न्यूयॉर्कची डेटा बेसिक्स. नारायण मूर्ती पुण्यात थांबले आणि बाकीचे काम करायला अमेरिकेला गेले. अशा नव्या कंपनीनं गुत्तं घेतलं असतं आणि अंदाज चुकला असता, तर तिथंच कारभार आटोपला असता. मला तरी त्या काळात रोजानं जाणं शहाणपणाचं वाटतं.

१९९१ नंतर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आले, सॅटेलाइट लिंक मिळाली आणि तेच तास इथं बसून विकता येऊ लागले. तासावर बिल म्हणजे जास्त कमाईला जास्त माणसं. कॅम्पसवर हजारोंनी भरती झाली ती या गणितामुळं, आणि नांदेड-लातूरच्या कितीतरी घरांत पहिला पगार आला तोही यामुळंच.

आता दुसरी बाजू बघा. त्याच सत्तरच्या दशकात आपल्याच भागात लोकांना पैसे कसे मिळत होते? बहात्तरच्या दुष्काळात लोक खडी फोडायला, पाझर तलावांवर माती टाकायला गेले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. (तुमच्या सॅलरी स्लिपवर कापलेला व्यवसाय कर दिसतो ना? तो १९७५ मध्ये याच योजनेसाठी पैसा उभा करायला सुरू झाला.) तिथं हजेरीपट होता, पण मजुरी मोजमापावर. माणसानं सात तास नीट काम केलं तर शेतमजुरीच्या किमान दराइतकी मजुरी पडावी, असे दर बांधलेले. कागदावर ठीक. पण खाली मुरूम लागला तर खड्डा भरभर होतो, खडक लागला तर घाम तेवढाच आणि माप कमी. त्या खडकाची जोखीम उपाशी माणसावर होती. आणि माप टेपवाल्याच्या हातात.

हे आज आठवायचं कारण एआय. जे काम १६० तासांचं होतं ते ६० तासांत होत असेल तर क्लायंट १६० चे पैसे का देईल? म्हणून आता 'आउटकम बेस्ड' बिलिंगची चर्चा आहे, म्हणजे परत गुत्तं. २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे १२ हजार माणसं कमी करत असल्याचं जाहीर केलं. टी अँड एममध्ये लवकर काम संपवणाऱ्याला काहीच जास्त मिळत नाही, हा तिचा दोष खराच. पण खडक लागला, म्हणजे जुना कोड निघाला, डेटा घाण निघाला, तर वाढीव तासांचे पैसे निदान मिळतात. गुत्त्यात ते कंपनीच्या खिशातून जातात, आणि कंपनी ते टीमच्या शनिवार-रविवारमधून वसूल करते.

तेव्हा प्रोजेक्ट कुठलाही असो, मॅनेजरला दोन गोष्टी विचारा: काम 'झालं' हे कोण ठरवणार, आणि खडक लागला तर कोणाचा? पुढच्या भागात फिक्स्ड प्राइस आणि चेंज रिक्वेस्टची मारामारी. भेटू.