आडवाटेची गाडी निवडताना : सस्पेन्शन, टायर आणि श्रेणी

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर येथून निघणाऱ्या गाडीला तीन प्रकारच्या वाटा भेटतात. पश्चिमेला कृष्णा नदी ओलांडली की पुणे-बंगळुरू महामार्गाचे सपाट डांबर लागते. महामार्गापलीकडे ठोसेघर, कास आणि पाटणच्या बाजूला घाट, जांभा दगड आणि मुसळधार पाऊस असतो. खुद्द गावालगत मात्र उसाच्या रानांतून जाणाऱ्या पाणंदी आहेत. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होतो आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात. या तिन्ही वाटांना सारखीच न्याय देणारी गाडी अद्याप कोणी बनवलेली नाही. त्यामुळे फोर बाय फोर गाडीसाठी लाखो रुपये मोजण्यापूर्वी आपली नेहमीची वाट कोणती, हे आधी ठरवणे हिताचे ठरते.

पाट्यांपासून कॉइलपर्यंत

महाराष्ट्राचे जीपशी नाते जुने आहे. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपला पुढे-मागे अखंड अॅक्सल आणि खाली पाटे होते. पाटे दणकट असतात, भार पेलतात आणि गावातला मिस्त्रीही ते दुरुस्त करू शकतो. परंतु प्रवासी हाडे खिळखिळी झाल्याची तक्रार करतात. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या थारच्या सीआरडीई आवृत्तीत पुढची चाके स्वतंत्र झाली, तरी मागे पाटेच राहिले. २०२० च्या थारमध्ये पुढे स्वतंत्र डबल विशबोन आणि मागे अखंड अॅक्सलवर कॉइल स्प्रिंग अशी रचना आली. फोर्सच्या २०२१ मधील गुरखातही पुढे स्वतंत्र डबल विशबोन आणि मागे अखंड अॅक्सलवर कॉइल स्प्रिंग होते; २०२३ मध्ये भारतात आलेल्या मारुतीच्या जिम्नीने मात्र दोन्हीकडे अखंड अॅक्सल व कॉइल स्प्रिंग पसंत केले.

या फरकाचा परिणाम प्रत्यक्ष वाटेवर जाणवतो. अखंड अॅक्सलचे एक चाक दगडावर चढले की दुसरे खाली दाबले जाते आणि जमिनीवरची पकड टिकते. शिवाय मधल्या डिफरेन्शियलची जमिनीपासूनची उंची स्प्रिंग दबल्यावरही फारशी कमी होत नाही. याउलट, पुढची चाके स्वतंत्र असली की महामार्गावर स्टिअरिंग नेमके राहते. साहजिकच, आठवड्यातून चार वेळा पुण्याला जाणाऱ्याने पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनला आणि रोज खडकाळ वाट तुडवणाऱ्याने अखंड अॅक्सलला पसंती द्यावी.

टायरवरील आकड्यांचा अर्थ

टायरवर २४५/७५ आर १६ असे लिहिलेले असते. २४५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ७५ म्हणजे त्या रुंदीच्या ७५ टक्के इतकी टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १६ हा रिमचा इंचातील व्यास. २०२० च्या थारमध्ये साध्या एएक्स श्रेणीला हाच टायर होता, तर महागड्या एलएक्सला २५५/६५ आर १८.

हिशेब केला तर पहिल्या टायरची भिंत सुमारे १८४ मिलिमीटर उंच आहे आणि दुसऱ्याची सुमारे १६६. एकूण व्यास अनुक्रमे ७७४ व ७८९ मिलिमीटर येतो. म्हणजे मोठ्या रिममुळे गाडी जेमतेम ७ मिलिमीटर उचलली जाते. मात्र दगडाचा मार झेलणारी रबराची भिंत १८ मिलिमीटरने कमी होते. २०२४ च्या थार रॉक्समधील १८ व १९ इंची चाकांची तुलना आणखी बोलकी आहे. २५५/६५ आर १८ आणि २५५/६० आर १९ या दोन्ही टायरांचा व्यास जवळपास एकच आहे. जास्त पैसे मोजून उंची वाढत नाही, फक्त दिखावा वाढतो. पाणंदीतून आणि खडकावरून जाणाऱ्यास लहान रिम व जाड भिंतच उपयोगी पडते.

टायरची नक्षीही पाहावी. मड टेरेन टायरच्या मोठ्या खाचा चिखल बाहेर फेकतात, पण डांबरावर आवाज करतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना त्यांची पकड कमी पडते. तिन्ही वाटा वापरणाऱ्यासाठी ऑल टेरेन टायर हा मध्यम मार्ग होय. चिखलात टायरमधील हवा साधारण २० पीएसआयपर्यंत उतरवल्यास पकड वाढते; मात्र डांबरावर येताच ती पूर्ववत भरणे आवश्यक आहे. त्यासाठी गाडीत हवेचा छोटा पंप असावा.

श्रेणी निवडताना

सनरूफ आणि मोठा पडदा पाहून श्रेणी ठरवणे महागात पडू शकते. जानेवारी २०२३ पासून थार केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या रूपातही मिळू लागली. बाहेरून ती फोर बाय फोरसारखीच दिसते, पण रुतलेल्या चाकातून बाहेर पडण्याची ताकद तिच्यात नाही. रॉक्स आली तेव्हा फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये होते आणि एमएक्स १, एमएक्स ३ या खालच्या श्रेणींत ते नव्हते. जिम्नीच्या झीटा व अल्फा या दोन्ही श्रेणींत मात्र फोर बाय फोर आणि एकाच मापाचे टायर देण्यात आले. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे यांत्रिक डिफरेन्शियल लॉक मिळाले.

लांबीचाही विचार व्हावा. तीन दारांच्या थारच्या दोन्ही अॅक्सलमधील अंतर २४५० मिलिमीटर, तर रॉक्सचे २८५० मिलिमीटर आहे. कुटुंबाला रॉक्स सोयीची. शेताचा बांध ओलांडताना मात्र लांब गाडीचे पोट आधी टेकते.

नंतर बदलू, हा गैरसमज

स्वस्त श्रेणी घेऊन बाहेर मोठे टायर आणि उंची वाढवणारे किट बसवण्याकडे अनेकांचा कल असतो. २४५/७५ ऐवजी २६५/७५ आर १६ टायर लावल्यास उंची केवळ १५ मिलिमीटर वाढते. स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८३ च्या वेगाने धावते आणि ब्रेकवरील ताणही वाढतो. उंच किटमुळे गुरुत्वमध्य वर जाऊन घाटातील वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका अधोरेखित केली. २०१९ च्या दुरुस्तीनुसार बेकायदा फेरफाराबद्दल प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुढे बसवले जाणारे लोखंडी क्रॅश गार्डही केंद्राच्या डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकानुसार निषिद्ध आहेत. अपघातानंतर विमा कंपनीने न कळवलेल्या फेरफाराकडे बोट दाखवले, तर नुकसान मालकालाच सोसावे लागू शकते.

म्हणून चारही चाकांना मिळणारी ताकद, सस्पेन्शन आणि रिमचा आकार या तीन गोष्टी खरेदीच्या वेळीच पक्क्या कराव्यात. सीट कव्हर आणि स्पीकर नंतरही बदलता येतात. गाडी कितीही समर्थ असली तरी २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळालेल्या कासच्या सड्यावर तिची चाके नेऊ नयेत. तेथील मातीचा थर पातळ आहे, आणि एकदा उमटलेली चाकोरी सहजासहजी बुजत नाही.