तळटीप : आंतरविद्यापीठ विजेतेपद
यवतमाळच्या महाविद्यालयातला कबड्डीपटू संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या संघात आला, तरी त्याला आधी पश्चिम विभागात झुंजावे लागते. तिथले पहिले चार संघच अखिल भारतीय स्पर्धेला जातात. बलाढ्य विभागातला पाचवा संघ त्यामुळे घरी बसतो, हा आक्षेप खरा आहे. पण जागा निवड समितीने वाटल्या, तर आडबाजूच्या विद्यापीठाला नावलौकिकाशीच लढावे लागेल. अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये पत्रकार आणि प्रशिक्षक मते देऊन विजेता ठरवीत; १९९७ साली मिशिगन व नेब्रास्का असे दोन विजेते निघाले (चाहते अजून भांडतात). २०१४पासून चार, २०२४पासून बारा संघ बाद फेरीत खेळू लागले, तरी बऱ्याच जागा समितीच्याच हाती राहिल्या. त्यापेक्षा प्रत्येक विभागाचे सहा संघ घ्यावेत. खर्च वाढेल, पण निकाल मैदानावर लागेल.