शंटरची दुसरी पाळी

संपादक मंडळाने मला सांगितले, "आठवणी सगळेच लिहिणार आहेत. तू तुझ्या कामातला एखादा विषय घे." माझे काम म्हणजे डिझेल शेड. फिटर म्हणून लागलो आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. तेव्हा इंजिनाविषयीच लिहितो. मात्र मेल-एक्स्प्रेसच्या गाजलेल्या इंजिनाविषयी नाही, तर यार्डात दिवसभर डबे मागेपुढे करणाऱ्या शंटरविषयी. आपण कुर्डुवाडीची मुले. शंटिंग म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही.

गोष्ट इंग्लंडमधल्या लीड्स शहरातली आहे. या शहराशी आपल्या गावाचे जुने नाते आहे. बार्शी लाईट रेल्वे उभारणारे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी आपले अडीच फुटी गेजचे डबे आणि इंजिन १८९६ मध्ये लीड्सजवळच्या न्यूले येथे खास रूळ टाकून जाणकारांना दाखवले होते. हलक्या, यार्डाला ३० पौंड वजनाच्या रुळावर कोणत्याही आसाचा भार ५ टनांपेक्षा जास्त येऊ द्यायचा नाही, हे त्यांचे सूत्र. त्या सूत्रात बसणारी इंजिने लीड्सच्याच किटसन कारखान्याने बांधली. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन गाडी सुरू झाली. बार्शी रोड म्हणजे आपले कुर्डुवाडी.

त्याच लीड्समध्ये मिडलटन रेल्वे नावाचा छोटासा मार्ग आहे. कोळशाच्या खाणीतून शहरात कोळसा आणण्यासाठी तो झाला आणि त्यासाठी ब्रिटिश संसदेने १७५८ मध्येच कायदा केला होता. तेव्हा गाड्या घोडे ओढत. १८१२ पासून जॉन ब्लेंकिन्सॉप यांच्या दातेरी रुळावर मॅथ्यू मरे यांनी बांधलेली वाफेची इंजिने धावू लागली. जॉर्ज स्टीफन्सनचे 'रॉकेट' आपण शाळेत शिकलो. ते १८२९ चे, म्हणजे यानंतर १७ वर्षांनी आलेले.

१९५० च्या दशकाच्या शेवटी हा मार्ग बंद पडायच्या बेतात होता. लीड्स विद्यापीठातले अध्यापक डॉ. फ्रेड यूएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वाचवायचे ठरवले. वेल्समधली टॅलिलिन ही नॅरोगेज रेल्वे स्वयंसेवकांनी १९५१ मध्येच चालवायला घेतली होती. पण मोठ्या, म्हणजे स्टँडर्ड गेजच्या मार्गावर बिनपगारी माणसांनी गाडी चालवल्याचे उदाहरण नव्हते. ते २० जून १९६० रोजी घडले. मागे स्वान्सी-मम्बल्स मार्गावरचा दुमजली ट्रामचा डबा होता, १०६ बैठकांचा. तो मार्ग त्याच वर्षी जानेवारीत बंद झाला होता. आणि पुढे होते सहा चाकांचे एक डिझेल शंटर, शेजारच्या हन्सलेट कारखान्याने वापरायला दिलेले.

हेरिटेज रेल्वे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धूर आणि शिट्टी येते. पण त्या चळवळीतली मोठ्या गेजवरची पहिली गाडी वाफेच्या इंजिनाने ओढलेली नाही. ती ओढली डिझेल शंटरने, आणि तेही युद्धात राबून आलेल्या.

त्या शंटरचा क्रमांक ७०५१. हन्सलेटने ते १९३२ मध्ये बांधले. वाफेची इंजिने बांधणाऱ्या कारखान्यासाठी हा नवा प्रयोग होता. १५० अश्वशक्तीचे इंजिन, पुढे क्लच, गिअरबॉक्स आणि साईड रॉडने जोडलेली चाके. लंडन मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेने, म्हणजे एलएमएसने, ते चाचणीनंतर विकत घेतले. एलएमएसने तेव्हा वेगवेगळ्या कारखान्यांची मिळून नऊ डिझेल शंटर पारखायला घेतली होती, ७०५० ते ७०५८. कारण सरळ हिशेबाचे होते. वाफेचे शंटर दिवसातला बराच वेळ नुसते उभे असते, पण उभे असतानाही कोळसा खाते. त्याला पाणी लागते, राख काढावी लागते, बॉयलर धुवावा लागतो, वाफ धरायला काही तास जातात आणि फूटप्लेटवर दोन माणसे लागतात. डिझेल बंद केले की खर्च बंद, आणि एक माणूस ते चालवू शकतो.

नऊ नमुन्यांतून एक मोठा धडा मिळाला. शंटिंग म्हणजे दर मिनिटाला थांबणे आणि पुन्हा वजन घेऊन निघणे. गिअर आणि क्लचच्या इंजिनात हा सगळा मार क्लचवर येतो. डिझेलने जनरेटर फिरवायचा आणि विजेच्या मोटरने चाके फिरवायची, या पद्धतीत मोटर जागेवरूनच भरपूर ओढ देते आणि घासून झिजणारे काही मध्ये राहत नाही. म्हणून एलएमएसने पुढच्या मोठ्या मागण्या डिझेल-इलेक्ट्रिकच्या दिल्या. त्याच घराण्यातून पुढे ब्रिटिश रेल्वेची ०८ वर्गाची शंटर आली. १९५२ ते १९६२ या काळात ती ९९६ बांधली गेली.

मधल्या काळात युद्ध आले. डिझेलचे गुण लष्कराला पहिल्या महायुद्धापासून माहीत होते. तेव्हा आघाडीजवळच्या नॅरोगेज रुळांवर छोटी पेट्रोल इंजिने वापरत, कारण वाफेच्या इंजिनाचा धूर आणि रात्री भट्टीचा उजेड शत्रूला लांबून दिसे. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या मोठ्या डेपोंमध्ये तोच प्रश्न आला. भट्टीतून उडणारी ठिणगी तिथे चालणार नव्हती. युद्धखात्याने एलएमएसची अनेक डिझेल शंटर मागून घेतली. आपले ७०५१ देखील काही काळ युद्धखात्याकडे होते.

काहींना तर समुद्रापलीकडे जावे लागले. हॉथॉर्न लेस्ली कारखान्यात १९३५ मध्ये बांधलेले ७०६९ हे डिझेल-इलेक्ट्रिक शंटर ब्रिटिश फौजेबरोबर फ्रान्सला गेले. १९४० च्या उन्हाळ्यात डंकर्कहून फौज परतली, ती अंगावरच्या कपड्यांनिशी. तोफा, मोटारी, इंजिने सगळे मागे राहिले. ७०६९ देखील राहिले. ते मायदेशी परत आले १९८७ मध्ये, म्हणजे ४७ वर्षांनी. आपल्याकडेही मोठ्या लाईनवरची डिझेल शंटर याच युद्धाच्या अखेरीस आली. १९४४-४५ मध्ये अमेरिकेहून १५ शंटर आली, त्यांना पुढे डब्ल्यूडीएस-१ म्हणू लागले.

असे इंजिन हेरिटेज रेल्वेच्या हाती लागते तेव्हा काय करावे लागते, हे आता सांगतो. हे माझ्या शेडमधल्या कामापेक्षा फार वेगळे नाही. फरक एवढाच की आमच्या मागे स्टोअर होते आणि त्यांच्या मागे नसते.

पहिला नियम असा की चालू करून बघायचे नाही. वर्षानुवर्षे उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंग सिलिंडरला धरून बसतात. नोझल काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडायचे, दिवसेंदिवस वाट पाहायची आणि मग हाताने, पहारीने इंजिन इंचभर फिरते का ते बघायचे. इंग्लंडात आणखी एक संकट असते. कुणी पाणी काढायचे विसरले असेल तर थंडीत त्याचा बर्फ होतो आणि ब्लॉकला किंवा हेडला तडा जातो. असा तडा बाहेरून दिसतोच असे नाही. म्हणून पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यावी लागते.

दुसरे काम विजेचे. जनरेटर आणि मोटरच्या वाइंडिंगवर जुन्या काळी कापड, अभ्रक, वार्निश असे. ते ओल धरते. मेगर लावून पाहिले तर काटा जागचा हलत नाही. मग आर्मेचर बाहेर काढून मंद उष्णतेने कित्येक दिवस सुकवायचे. घाई केली तर वाफ आत कोंडून उरलेले इन्सुलेशनही फुटते. केबलचे रबर हातात भुगा होऊन येते, म्हणजे सगळी वायरिंग नवी. जुन्या इंजिनांच्या आवरणात ॲस्बेस्टॉसही सापडते. ते काढणे हे तर परवानगीच्या माणसांचेच काम.

तिसरे काम खालचे. चाकांचे टायर लेथवर घ्यायचे, साईड रॉडच्या बुशमध्ये किती खेळ झाला ते मोजायचे, बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल नव्याने ओतून ते क्रँकपिनला बसेपर्यंत खरवडायचे. हे खरवडण्याचे काम पुस्तक वाचून येत नाही. निळा रंग लावून, बसवून, काढून, उठलेले ठिपके स्क्रेपरने घ्यायचे, असे दहा-वीस वेळा. ज्याने एकदा दुसऱ्याशेजारी उभे राहून केले आहे त्यालाच ते जमते.

शेवटचा प्रश्न ब्रेकचा. यार्डातल्या बऱ्याच जुन्या शंटरना फक्त स्वतःचा ब्रेक असे, मागच्या गाडीचा ब्रेक लावायची सोय नसे. पॅसेंजर गाडी ओढायची तर ती सोय करावी लागते. तिथून खरा वाद सुरू होतो. मूळ इंजिनात नसलेली वस्तू बसवली तर ते मूळ राहिले का? पार्ट मिळत नाही म्हणून दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसवले तर? रंग कोणता द्यायचा, रेल्वेचा की लष्कराचा? ७०६९ सारख्या इंजिनाला तर दोन देशांचा इतिहास आहे. एक रंग दिला की बाकीचे झाकले जातात. या प्रश्नांना एकच उत्तर नाही. शहाणे लोक एवढे करतात की काय बदलले, का बदलले आणि काढलेला भाग कुठे ठेवला, हे लिहून ठेवतात.

इतके करून या इंजिनाला काम काय मिळते? पूर्वीचेच. सकाळी वाफेच्या इंजिनाला वाफ धरायला वेळ लागतो, तोवर शंटर डबे लावून देते. खडीचे वाघिण ओढते. एखादे वाफेचे इंजिन मध्येच बसले तर जाऊन गाडी ओढून आणते. तिकीट काढून आलेले लोक फोटो वाफेच्या इंजिनाचा काढतात. मिडलटनच्या मंडळींनी तर सप्टेंबर १९६० पासून १९८३ पर्यंत आसपासच्या कारखान्यांची मालवाहतूकही चालवली आणि त्यावर मार्ग जिवंत ठेवला. नियमित पॅसेंजर सेवा १९६९ मध्ये आली. आधी काम, मग वारसा, असा त्यांचा क्रम राहिला.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळी आहे. १९६० मध्ये त्या मंडळींना इंजिन मिळाले, कारण ते बांधणारा कारखाना रुळाच्या पल्याडच उभा होता. तिथे ड्रॉइंग होती आणि ते इंजिन खोलून पुन्हा जोडणारी माणसे होती. आपल्या बार्शी लाईटची इंजिने देणारा किटसन कारखाना १९३८ मध्येच बंद झाला होता. हन्सलेटचा लीड्समधला कारखाना १९९५ मध्ये बंद झाला. आज तिथले इंजिन आहे, कारखाना नाही. लोखंड टिकते. गंजले तरी त्याला वेळ देता येतो. हाताला वेळ देता येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. बार्शी लाईट १९५४ मध्ये सरकारने घेतली आणि पुढे टप्प्याटप्प्याने तिचे रूपांतर मोठ्या लाईनमध्ये झाले. त्याचे वाईट वाटून घ्यायचे कारण नाही. पंढरपूरला, लातूरला थेट गाडी मिळाली. आषाढीला डब्याच्या टपावर बसून जाणाऱ्या वारकऱ्याला विचारा, त्याला कोणती लाईन हवी. पण मिरजेपासून लातूरपर्यंतची ती लाईन शंभरावर वर्षे चालती ठेवली ती आपल्या वर्कशॉपने. माथेरानचे छोटे डबेदेखील पी.ओ.एच.साठी इथेच येत. आपल्यातल्या निम्म्या मुलांचे वडील त्या भोंग्यावर कामाला जायचे. ते फिटर होते, टर्नर होते, मोल्डर होते, सुतार होते. अडीच फुटी गेजच्या चाकाला टायर कसा चढवायचा, डब्याच्या सांगाड्याचा वाक कसा काढायचा, हे त्यांच्या हातात होते. कागदावर फारसे नव्हते.

त्यांच्यापैकी जे आज आहेत, ते ऐंशीच्या पुढे आहेत. मित्रहो, मी कुणाला संग्रहालय काढायला सांगत नाही. इंजिन विकत घ्यायलाही सांगत नाही. एक वही घ्या, किंवा मोबाइलचे रेकॉर्डिंग सुरू करा, आणि वडिलांसमोर, काकांसमोर, शेजारच्या चाचांसमोर बसा. "काम कसे होते?" असे विचारू नका, "बरे होते" एवढेच उत्तर मिळेल. "बेअरिंग ओतताना धातू तापला हे कसे ओळखायचात?" असे विचारा. मग दोन तास उठू देणार नाहीत. हत्यारांची नावे लिहून घ्या. कोणाकडून शिकले ते लिहून घ्या. घरात जुना स्क्रेपर, कॅलिपर, पास, फोटो असेल तर त्यावर चिठ्ठी बांधून ठेवा.

ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांनी माझ्याकडे रेकॉर्डिंग पाठवा, मी उतरवून काढीन. आपल्या भूगोलाच्या सरांनी ते तपासून द्यायचे कबूल केले आहे, आणि त्यांच्या लाल पेनाची धार अजून तशीच आहे. पुढच्या मेळाव्यापर्यंत पंचवीस माणसांच्या मुलाखती झाल्या तरी पुष्कळ झाले. उद्या कुणी पोरांनी ठरवले की बार्शी लाईटचे एखादे इंजिन पुन्हा चालवायचे, तर त्यांना ते कसे जोडायचे हे सांगणारी वही निदान शाळेच्या कपाटात असेल.